मामाच्या चमच्याआधी

सहा महिने पुरे होऊन सातवा लागलेल्या पोरीला थीम पार्कात नेऊन दाखवणार काय, असं आमच्या तळा गावात आम्हाला बहुतेक सगळ्यांनी विचारून घेतलं. आता जाऊन आलो आहे, तर जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. पोरीला तिथे बघायला पुष्कळ असतं. समोरच्या बाईची टिकली, छत्रीची झालर, स्वतःच्या पायाचा अंगठा. पार्क आपल्याला दिसतं, तिला नाही. मला स्वतःलाही ते धड दिसलं असं म्हणता येणार नाही, कारण त्या तीन दिवसांत माझं निम्मं लक्ष माझ्या मेहुण्यावर होतं.

मेहुणा म्हणजे स्नेहलचा, माझ्या बायकोचा, थोरला भाऊ नंदकुमार. उरणकडचा. त्यांचं पूर्वी मिठागर होतं. आता त्याचे सहा ट्रेलर बंदरातले कंटेनर वाहतात. दहावीला दोनदा बसून त्याने शाळेचा नाद सोडला. सगळे त्याला नंदूशेठ म्हणतात. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील पन्नाशीत सही करायला शिकले, ती माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर करण्यासाठी. मी तळ्याच्या पंचायत समितीत लिपिक आहे. मला कोणी शेठ म्हणत नाही आणि मीही नंदकुमारला शेठ म्हणत नाही, दादा म्हणतो.

आमच्या पोरीचं नाव गार्गी. नाव मी शोधलं होतं, पण बारशाला तिच्या कानात ते सांगितलं माझ्या बहिणीने, कारण तो आत्याचा मान. पहिली आंघोळ सासूबाईंनी घातली. पहिलं झबलं त्यांच्याकडचं. सगळ्यात झोंबलं ते हसणं. दोन महिने मी त्या पोरीसमोर तोंडं वेडीवाकडी करत होतो. ती माझ्याकडे, अपूर्ण फाईल घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघायची. आणि एके दिवशी फोनच्या पडद्यावर मामा दिसला, तो नुसतं "काय गो बाय?" म्हणाला, आणि ही खळखळून हसली. पहिल्यांदा. फोनमधल्या माणसाला!

आता एक मोठी गोष्ट राहिली होती. उष्टावण. बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामाने घालायचा असतो, आणि मुलीचं हे विषम महिन्यात करतात. नंदूदादाने ठरवलं की त्याच्या दहा वर्षांच्या तन्वीला काशीदजवळच्या त्या नव्या पार्कात न्यायचंच आहे, तर आपण सगळेच जाऊ. शुक्रवारी पोचायचं, शनिवारी पार्क, रविवारी सकाळी तिथेच उष्टावण. त्याची बायको अंगणवाडीत असते, तिला सर्वेक्षणाचं काम लागलं, म्हणून ती येणार नव्हती. तिकिटं, खोल्या, सगळं त्यानेच केलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

शुक्रवार, काशीद

उरणहून वाकडी वाट करून तो नऊला आमच्या दारात हजर. गाडीत मागच्या सीटवर बाळाची वेगळी खुर्ची बांधलेली होती, नवी कोरी.

"भावोजी, ही खास आपले पोरीसाठी," तो पट्टे ओढून दाखवत म्हणाला. "यात बसली की हालायची न्हाय."

"रडेल ती. तिला मांडीची सवय आहे," मी म्हणालो.

ती रडली नाही. रोहा, मग घाट, मग मुरूडकडचा सगळा रस्ता ती झोपून होती. मी तिच्या शेजारी अवघडून बसलो होतो आणि ती रडण्याची वाट बघत होतो. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण तसंच होतं.

काशीदला आमचा मुक्काम सुरूच्या बनामागे पद्मामावशींच्या घरी होता. मावशी साठीच्या, एकट्या चार खोल्या चालवतात. पोचल्या पोचल्या त्यांनी मोठी वही पुढे केली. नाव, वय, गाव, आधारचा नंबर, कुठून आलात, कुठे जाणार.

"भावोजी, तुमी लिवा," नंदूदादा म्हणाला. "आपल्यात अक्षर तुमचं."

मला बरं वाटलं. पाचही जणांचं नीट लिहिलं, गार्गीचं वयसुद्धा महिने-दिवसांसह. मावशी म्हणाल्या, "एवढा सुंदर कोन लिवत न्हाय हो इथं." वही मिटून बघतो तर ओटीवर कोणी नाही.

समुद्र मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो सातवीत, श्रीवर्धनला, शाळेच्या सहलीत. तळ्यापासून समुद्र काही फार लांब नाही, पण आमच्या घरी समुद्र बघायला म्हणून कोणी जात नसे. तेव्हाच मनात आलं होतं की आपल्याला पोर झालं की त्याला आपण उचलून नेऊन दाखवायचा. मी बनातून धावतच गेलो. चपलेत वाळू, हातात मावशींचं पेन. तिथे नंदूदादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा, गार्गी त्याच्या हातात, तिची पावलं ओली, आणि स्नेहल फोनवर चित्रीकरण करतेय.

"पह्यली लाट मामाची!" तो ओरडला.

"अहो, या ना, तुम्हीही या फोटोत," स्नेहल म्हणाली.

"पाणी गार आहे. सर्दी होईल तिला," मी म्हणालो. पाणी कोमट होतं.

संध्याकाळी मावशींनी अंगणात पोपटी लावली. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडेही लावतात, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, वर जाळ. फक्त आम्ही एवढ्यावर थांबतो आणि हे लोक आत मसाला लावलेली कोंबडी आणि अंडीही ठेवतात. मडकं झालं की नाही, यावर मी माझं मत देणार होतो. तेवढ्यात नंदूदादाने बोटांनी पाणी शिंपडलं, चर्र आवाज ऐकला आणि म्हणाला, "पाच मिंटं." पाच मिनिटांनी काढलं तर शेंगा अगदी नेमक्या. पोपटी उत्तम झाली होती. मी दोनदा घेतली आणि काही बोललो नाही.

शनिवार, पार्क

पार्काच्या दारात पिशव्या तपासतात. बाहेरचं खाणं चालत नाही, बाळाचं चालतं. आमच्या पिशवीत बाळगुटीचा डबा निघाला. रखवालदाराने तो उघडला, एक मुळी नाकाशी धरली आणि साहेबांना हाक मारली. साहेब आले, त्यांनीही वास घेतला.

"हे काय आहे?"

"वेखंड, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग," मी एकेक सांगितलं.

"आणि हा दगड?"

"सहाण आहे. उगाळायला."

"आत उगाळणार?"

मागे रांग तटली. मी नियमाची पाटी वाचून दाखवायला लागलो की बाळाचं औषध चालतं असं इथेच लिहिलंय. नंदूदादा पुढे आला, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला, "काय साहेब, तुमाला लहानपणी चाटवली न्हाय का गुटी?" साहेब हसले, डबा परत. मी बरोबर होतो. पाटीवर तसंच लिहिलेलं होतं. पण आत गेलो ते त्याच्यामुळे, आणि हे तन्वीने मोठ्याने बोलूनही दाखवलं.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. एका भागात पाण्याचे खेळ, दुसऱ्यात आकाशपाळणे, आगगाडी, अंधारी गुहा. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की लाटा सुरू होतात. खरा समुद्र एवढ्या जवळ असताना लोक भोंग्याच्या लाटेसाठी रांगा लावतात याची मला गंमत वाटली. पाण्यात उतरायला त्यांचाच नायलॉनचा पोशाख भाड्याने घ्यावा लागतो. नंदूदादाने घेतला तो केशरी होता आणि त्याचं पोट त्यात मावत नव्हतं, हे बघून मला जरा बरं वाटलं. बाळांसाठी वेगळी गार खोली आहे, पाळणे आहेत, गरम पाणी मिळतं, सोय खरंच चांगली. फक्त तिथे बाप्यांना प्रवेश नाही. मी बाहेर चपलांजवळ उभा होतो.

अकराच्या सुमाराला तन्वीने मोठ्या घसरगुंडीचा हट्ट धरला. वरून बघितलं तर खालची माणसं वाटाण्याएवढी दिसतात म्हणे.

"तुम्ही जा तिघं," मी म्हणालो. "पोरीला मी सांभाळतो."

"नक्की? नंतर तुम्ही जा, मी थांबेन," स्नेहल म्हणाली.

"जा गं. सात महिने घराबाहेर पडली नाहीस."

ऐकायला हे मोठ्या मनाचं वाटतं. खरं म्हणजे मला पोर एकट्याला हवी होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदा फक्त माझ्या हातात येत होती.

आम्ही दोघं शहाळ्याच्या गाडीजवळ सावलीतल्या बाकावर बसलो. तिथे एक हत्ती आला. म्हणजे हत्तीचा पोशाख घातलेला माणूस, लहान मुलांशी हात मिळवत फिरणारा. मोठमोठी मुलं त्याला बघून किंचाळत होती. गार्गी मात्र त्याच्या पाठीवरच्या चेनकडे टक लावून बघत राहिली. हत्तीने इकडेतिकडे बघितलं, डोकं काढून मांडीवर ठेवलं आणि शहाळं मागितलं. आतून चाळिशीचा घामाघूम माणूस निघाला.

"मी श्रीवर्धनचा," तो म्हणाला. "सुपारीवर चढायचो. वादळात बाग गेली, तवापासून हत्ती." त्याने शहाळं संपवलं, फोडून घेतलं, सालीच्या चमच्याने मलई काढली. "द्या तिला इतकुशी. आमच्याकडे देतात."

"नको, उष्टावण व्हायचंय. उद्या आहे."

"मग राहूदे, राहूदे." त्याने चटकन हात मागे घेतला. "मामाचा मान हाय तो. मी भाचीला भरवलं तवा नवा शर्ट शिवलेला."

डोकं चढवून तो गेला. मी गार्गीला मांडीवर घेऊन बसलो. तेवढ्यात वरून स्नेहलची किंकाळी आली. आधी घाबरल्यासारखी, मग हसण्याची. लग्नाला चार वर्षं झाली, एवढं मोकळं हसताना मी तिला ऐकलं नव्हतं. तिच्या पाठोपाठ त्याचा गडगडाट. बहीण-भाऊ एकाच ट्यूबवर बसून खाली येत होते.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते साधं आहे. आत्याचं नाव, आजीची आंघोळ, मामाचं हसू, मामाची लाट, उद्या मामाचा घास. मी फॉर्म भरतो. रात्री दोनला उठून हिला खांद्यावर घेऊन फिरतो तो मी, आणि मान मात्र येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना. डॉक्टरांनी सहा महिन्यांनंतर सुरू करा म्हणून सांगितलेलंच होतं.

"एक पाणीवालं द्या," मी गाडीवाल्याला म्हणालो, "मलई अगदी कोवळी पाहिजे."

हात बाटलीतल्या पाण्याने दोनदा धुतले. दुधाच्या सायीसारखी पातळ मलई बोटांत चुरून अगदी लोण्यासारखी केली आणि करंगळीच्या टोकावर घेऊन गार्गीच्या ओठांना लावली. तिने जीभ बाहेर काढली. आत नेली. कपाळाला आठी घातली, इतकी की मी घाबरलो. मग तोंड उघडून माझी करंगळीच धरली. आणखी एकदा दिली. तिसऱ्यांदा बोट नुसतं पुढे केलं तर ती हसली. माझ्याकडे बघून. हिरड्या दिसेपर्यंत, सगळं अंग हलवत, आवाज काढून. आजूबाजूला पन्नास माणसं होती आणि मी तिथे बसून रडायच्या बेतात आलो होतो.

मग तिचं तोंड पुसलं, माझं बोट पुसलं आणि शहाळं पिंपात टाकलं.

"शांत होती ना?" स्नेहल ओल्या केसांनी येऊन विचारू लागली.

"अगदी," मी म्हणालो.

संध्याकाळी मुक्कामावर आल्यावर नंदूदादाने बॅगेतून लाल मखमलीची डबी काढली. आत चांदीची वाटी आणि चमचा.

"भावोजी, बघा जरा. 'गार्गी' कोरलंय ते बरोबर हाय ना? सोनाराला तीनदा बजावलेला, म्हटलं आमचे भावोजी शिकलेले हायत, चूक चालायची न्हाय."

मी वाटी दिव्याजवळ नेऊन बघितली. बरोबर होतं. तसं सांगितलं. वाटी परत देताना तिच्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटला, तो त्याने पंच्याने हळूच पुसला. त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

रविवार, पुन्हा काशीद

मावशींनी सकाळी तांदळाची खीर केली, ओटीवर पाट मांडला, रांगोळीही काढली. नंदूदादा आंघोळ करून नवा पांढरा शर्ट घालून बसला होता. चहासुद्धा घेतला नव्हता त्याने, भाचीला भरवेपर्यंत काही खायचं नाही म्हणून. सासूबाई उरणहून फोनच्या पडद्यावर हजर होत्या, फोन तन्वीने धरला होता.

गार्गीला त्याच्या मांडीवर दिलं. त्याने चमच्याच्या टोकावर खीर घेतली, देवाचं नाव घेतलं आणि हात पुढे केला. चमचा अजून वीतभर लांब होता. गार्गीने 'आ' करून तोंड उघडलं आणि मान पुढे काढली.

मावशी वाकून बघत होत्या. "अगो बाय," त्या म्हणाल्या, "ही तर चाखलेली पोर हाय! नवी पोर अशी तोंड उघडत न्हाय. पह्यल्यांदा ओठ मिटतात ती."

"काहीतरीच काय मावशी," स्नेहल म्हणाली. आणि तिने माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत तिला माझा चेहरा वाचता यायला लागलाय.

"अहो?"

"काल," मी म्हणालो. "पार्कात. तुम्ही वर होता तेव्हा. मी थोडी मलई चाटवली. शहाळ्याची."

चमचा तिथेच थांबला. गार्गी तोंड उघडून वाट बघत होती.

पडद्यावरून सासूबाईंचा आवाज आला. जावयाला बोलायची त्यांच्यात रीत नाही, म्हणून त्यांनी सगळं लेकीवर काढलं. "स्नेहल, तुजं लक्ष कुठं होता गो? पोरीला टाकून घसरगुंडीवर बसाया गेलीस? एक भाव हाय तुला, त्याचा एक मान, तो पन तुला सांभालता आला न्हाय?"

"आई, मी काय केलं?"

"तूच केलास! दुसरा कोन करील?"

त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्यासाठी होतं आणि मला ते उभं राहून ऐकावं लागत होतं. नंदूदादाने चमचा वाटीत ठेवला. त्याचा चेहरा मी एवढा लहान झालेला कधी पाहिला नव्हता. सहा ट्रेलरचा मालक, आणि हातातली वाटी कुठे ठेवायची ते त्याला कळत नव्हतं.

"किती दिलीत?" त्याने विचारलं.

"करंगळीभर. दोनदा."

"कोवली होती?"

"पाण्यासारखी. आणि हात धुतले होते."

त्याने मान हलवली. गार्गीच्या टाळूवर हात ठेवला. मग फोनकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आये, तू उपासाला शहालं पितेस का न्हाय?"

"पिते."

"मलई खातेस?"

"खाते की."

"मग ते अन्न झालं का? अन्न झालं असतं तर तुजा उपास मोडला असता. फल हाय ते. भावोजींनी फल दिलं, अन्न मी देतोय. काय मावशी?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "खरा हाय तो," त्या म्हणाल्या. "शहाला काय अन्नात येत न्हाय."

तन्वी म्हणाली, "पप्पा, म्हणजे काका वाचले?" आणि सगळे हसले.

मी हसलो नाही. सुटलो म्हणून हायसं वाटायला हवं होतं. पण त्या ओटीवर सगळ्यांच्या संमतीने ठरलं की मी जे दिलं ते मोजण्यासारखं नव्हतं. तोंडाशी आलं होतं, 'फळ कसं? घास तो घासच, आणि तो माझा होता.' सांगायला माझ्याकडे पुस्तकी आधारही निघाला असता. पण समोरचा माणूस सकाळपासून उपाशी होता, आणि मला वाचवायला त्याने भर सभेत स्वतःच्या मानाशी तडजोड केली होती. मोठेपणातही तोच पुढे. मी म्हणालो, "हो, उपासाला चालतं ते."

त्याने खीर भरवली. गार्गीने अर्धी गिळली, अर्धी त्याच्या नव्या शर्टावर सांडली. टाळ्या झाल्या, ओवाळणं झालं. स्नेहल माझ्याशी बोलली नाही, पण ताम्हन माझ्या हातात दिलं, त्यावरून जेवणापर्यंत बोलेल असं वाटलं.

नंतर मागच्या नळावर तो शर्टावरचा डाग धुवत होता. मी वाटी-चमचा विसळायला घेऊन गेलो. आम्ही दोघंच होतो.

"भावोजी," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "एक विचारू? मलई दिलीत तवा हसली का ती?"

"का?"

"काय न्हाय. खीर देताना मना वाटलं हसेल. माझ्याकडं बघून नेहमी हसते. आज नुसती बघत होती चमच्याकडं."

नाही म्हणणं सोपं होतं. त्याने सकाळी मला जे दिलं होतं त्याच्यापुढे एक 'नाही' म्हणजे काहीच नव्हतं. माझ्या हातात त्याची वाटी होती, साबण लावलेली.

"हसली," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "खळखळून. आवाज काढून."

तो "हं" म्हणाला. मग शर्टाचा तो भाग, जिथला डाग केव्हाच गेला होता, पुन्हा चोळायला लागला.

परतीला नंदूदादा गाडी चालवत होता आणि आरशातून अधूनमधून मागे गार्गीकडे बघत होता. ती झोपली होती. तिची मूठ माझ्या करंगळीभोवती होती आणि रोहा येऊन गेलं तरी मी ती सोडवून घेतली नाही. हात आरशात दिसेल असा ठेवला होता.